रक्कम बरोबर, खातं चूक

सत्य म्हणजे काय, या विषयावर मोठमोठ्या माणसांनी ग्रंथ लिहून ठेवले आहेत. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे त्यांच्या वाटेला कधी गेलो नाही. आमच्याकडे सत्याची व्याख्या फार आटोपशीर आहे. जमा आणि नावे या दोन बाजूंची बेरीज सारखी आली की ते सत्य. नाही आली, तर कुठेतरी कोणीतरी चुकलं आहे आणि तो कोणीतरी बहुधा आपणच आहोत असं धरून, चूक सापडेपर्यंत घरी जायचं नाही. गेली बावीस वर्षं मी एवढ्या भांडवलावर बँकेत नोकरी आणि घरी संसार अशी दोन्ही खाती चालवली. या व्याख्येला पहिला तडा गेला तो आमच्याच हॉलमध्ये, आणि तोही एका जात्यामुळे.

झालं असं की आमची कन्या मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथे नक्की काय शिकवतात, हे मी पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं. तेव्हा तिने “बाबा, सांगून कळणार नाही, बघावं लागतं” असं उत्तर दिलं. (हेच वाक्य मी तिला दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी चक्रवाढ व्याजाबद्दल म्हणालो होतो. तिने लक्षात ठेवलं असावं.) तर या वर्षी त्यांना पाच-पाच जणांच्या टोळ्या करून एकेक म्युझिक व्हिडिओ करायचा होता. आधी कागदावर आखायचा, मग चित्रीकरण, मग कापाकापी. शिवाय कसा केला, त्याची वेगळी फिल्म. तिला ‘मेकिंग’ म्हणतात.

म्युझिक व्हिडिओ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. एक, लहानपणी शेजाऱ्यांच्या खिडकीतून पाहिलेलं दूरदर्शनवरचं ‘छायागीत’. त्यात नट-नटी आपल्यापासून एवढे लांब दिसत की गाणं झाडच म्हणतं आहे असं वाटे. दुसरी, 1995 साली अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं ते. मी तेव्हा एफ. वाय. बी. कॉम.ला होतो आणि त्या गाण्यामुळे अकाउंटन्सीत माझे किती मार्क गेले याचा ताळेबंद अजून लागलेला नाही. कन्येने माझं ज्ञान वाढवलं. अमेरिकेत 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झाला तेव्हा त्यांनी पहिलंच गाणं ‘बगल्स’ नावाच्या मंडळींचं लावलं, आणि त्याचा विषय काय, तर व्हिडिओने रेडिओच्या गायकाचा जीव घेतला! म्हणजे दुकानाच्या उद्घाटनालाच शेजारच्या दुकानाचा मृत्यूचा दाखला वाचून दाखवला. आमच्या आईचा रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर आजही चालू आहे. तिला ही बातमी कोणी कळवलेली दिसत नाही.

गाणं कोणतं घ्यायचं यावर टोळीत चार दिवस भांडण झालं. सिनेमाचं गाणं घेतलं तर हक्कांचा प्रश्न. टोळीतल्या एका मुलाने मेसच्या जेवणावर रॅप लिहिलं होतं, ते मेसमधून हाकलून देतील या भीतीने मागे पडलं. पाचव्या दिवशी आमच्याकडे बैठक बसलेली असताना आई आत तांदूळ निवडत गुणगुणत होती आणि एकदम सगळ्यांचे कान टवकारले. जात्यावरची ओवी! रचणारी कोण ते कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे रॉयल्टी मागायला कोणी येणार नाही. मग त्यांनी अभ्यासही केला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी गावोगावी फिरून बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवायचं काम उभं केलं, हे मला या पोरांकडून कळलं. एका दगडी जात्याभोवती एवढी ठेव जमा आहे, आणि तीही बिनव्याजी, हे ऐकून माझ्यातला बँकवाला उठून बसला.

आई वाईकडची. लग्नाआधी रोज पहाटे जात्यावर बसायची. पुढे गावात गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या तिच्याकडे राहिल्या. “म्हणीन की,” ती म्हणाली. “पण जातं आणा. जात्याबिगर मला आठवत न्हाई.”

जातं आणणं हे प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की कंबर दुखते. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या गच्चीत तुळशीच्या कुंडीखाली एक जातं बसलेलं होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही.

त्याआधी मात्र आखणी झाली आणि त्या आखणीच्या मी प्रेमात पडलो. मला वाटत होतं, ही कलाकार मंडळी म्हणजे मनाला येईल ते करणारी. पण त्यांनी चक्क रकाने पाडले! शॉट नंबर, शॉटमध्ये काय दिसणार, कॅमेरा कुठे, किती सेकंद, काय सामान लागेल. शेजारी चित्रं. चित्रात आमची आई म्हणजे आगकाडीला पदर लावलेला होता, पण हरकत नाही, नोंद होती. मी सवयीने सेकंदांच्या रकान्याची बेरीज मारली. गाणं 3 मिनिटं 20 सेकंदांचं आणि शॉट भरले 4 मिनिटं 10 सेकंदांचे. मी विजयी मुद्रेने म्हटलं, “50 सेकंदांचा फरक आहे. टॅली होत नाही.”

“बाबा, जास्तच घ्यायचं असतं,” कन्या म्हणाली. “नंतर कापता येतं.”

आधी जास्त घ्यायचं आणि नंतर गुपचूप कापायचं, याला आमच्या धंद्यात वेगळा शब्द आहे आणि त्यासाठी चौकशी बसते. पण मी गप्प बसलो.

रविवारी चित्रीकरण झालं. सोफा पॅसेजमध्ये, टीव्हीवर गोधडी, खिडकीला काळं कापड, भिंतीच्या जागी आमच्या हिची रुखवतातली साडी. मोबाइल डुलू नये म्हणून त्याला एक दांडी लावलेली, ती धरणारा कॅमेरामन. एक मुलगी दिग्दर्शक, एक मुलगी फाईलवाली, आमची कन्या पुढच्या कापाकापीची मालकीण. आणि एक उंच, अबोल मुलगा केवळ दिवा धरून उभा. हा दिवेवाला लक्षात ठेवा.

दिग्दर्शिकेने आईला पद्धत समजावून सांगितली. आधी गाणं नुसतं रेकॉर्ड करायचं, मग ते स्पीकरवर लावायचं आणि आजींनी त्याबरोबर ओठ हलवायचे. आईने तिच्याकडे एखाद्या नवीन सुनेने पुरणात मीठ घालावं तसं पाहिलं.

“नुसतं त्वांड हलवायचं? आन् आवाज कुणाचा?”

“तुमचाच, आजी.”

“मंग म्हणतेच की! दोनदा कशाला मला वेठीला धरतीस?”

कन्येने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे खोटं नव्हे, ही पद्धत आहे. हिंदी सिनेमात 1935 च्या ‘धूप छाँव’पासून एकाने गायचं आणि दुसऱ्याने तोंड हलवायचं हे सुरू आहे, आणि प्रत्येक वेळी खरोखर गायलं तर दर वेळी लय थोडी पुढे-मागे होते, मग तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. जुळत नाहीत म्हटल्यावर माझा विरोध मावळला. मग त्यांनी आणखी एक करामत केली. हळू चालणारा शॉट हवा होता. पण ओठ तर गाण्याबरोबर हलायला हवेत. त्यावर उपाय असा की स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं, माणसाने त्या वेगात ओठ हलवायचे, सेकंदाला 50 चित्रं टिपायची आणि नंतर 25 च्या चालीने दाखवायची. पदर हळू उडतो, पीठ हळू सांडतं आणि ओठ मात्र बरोबर मूळ गाण्यावर पडतात. ऐकताना मला गणित फार आवडलं. पण आईने स्वतःचा आवाज दुप्पट वेगाने ऐकला मात्र, “ही कोन चिमनी?” म्हणून जी हसत सुटली, ती खुंट्यावर डोकं टेकेपर्यंत. तो शॉट गेला. शेवटी पोरांनी शरणागती पत्करली आणि आजी जशा म्हणतील तशा टिपायच्या असं ठरलं.

आई सुरू झाली. एका हाताने वैरण, दुसऱ्या हाताने खुंटा. माझ्या आईला मी सत्तेचाळीस वर्षं ओळखतो, पण जात्यावर बसलेली ही बाई मी कधी पाहिली नव्हती. आईबापाची ओवी झाली, तुळशीची झाली, विठोबाची झाली. मग भावाची ओवी आली. तिच्यात शेवटी भावाला हाक मारायची असते. हाकेच्या अलीकडे आई थांबली. जातं थांबलं. दिग्दर्शिका “कट” म्हणाली. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा कॅमेरामनने मागाहून मोजलं, अकरा सेकंद नुसती शांतता आहे. “आजी विसरतात,” तो हळूच म्हणाला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आई विसरली नव्हती हे त्या घरात मला आणि आमच्या हिलाच ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी मामांनी वडिलार्जित जमिनीचं हक्कसोडपत्र आईकडे सहीला पाठवलं. स्वतः आले नाहीत, एका माणसाबरोबर कागद पाठवला. आईने चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं आणि सही करून दिली. जमीन तिला नकोच होती. “मागितली असती तर दिलीच असती की,” ती म्हणाली होती. “कागूद आला, मानूस न्हाई आला.” त्या दिवसापासून तिने भावाचा उल्लेख केला तर ‘ते वाईकडचे’ असा. ‘दादा’ हा शब्द आमच्या घरातून बंद झाला. रद्द झालेली नोट जशी कपाटात सापडली तरी चालत नाही, तसा.

पोरांना यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. “पुढची म्हणा आजी,” दिग्दर्शिका म्हणाली आणि गाडी पुढे गेली.

मग तीन रात्री कापाकापी चालली. मी पाण्याच्या निमित्ताने उठून मागे उभा राहायचो. जमा झालेलं चित्रीकरण 3 तास 40 मिनिटांचं आणि त्यातून काढायची होती 3 मिनिटं 20 सेकंदं. मी हिशेब केला, सहासष्ट भागांतला एक ठेवायचा आणि पासष्ट फेकायचे. आईच्या सबंध दिवसातले पासष्ट भाग! पण पाहता पाहता मलाही त्याची गोडी लागली. पडद्यावर आडवे पट्टे, वर चित्राचे, खाली आवाजाचे, अगदी लेजरसारखे. जात्याचा एक फेरा पुरा झाला की तिथे कापायचं, म्हणजे काप दिसत नाही. चित्र बदलायच्या क्षणभर आधी पुढचा आवाज सुरू करायचा, म्हणजे डोळा आपोआप तिकडे वळतो. आई खोकली की हातावर जायचं. हात थांबला की पिठावर जायचं. पीठ कधी खोकत नाही.

याच रात्रींत कन्येने मला कुलेशोव्ह सांगितला. शंभरएक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाचा एक दिग्दर्शक होऊन गेला. त्याने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सूपची थाळी जोडली, कधी शवपेटी. चेहरा तोच. पण पाहणारे म्हणाले, काय भूक दाखवली आहे! काय दुःख दाखवलं आहे! चेहरा निर्विकार ठेवायचा आणि अर्थ लोकांवर सोडायचा, हा प्रयोग आम्ही काउंटरवर रोज करतो. आमच्या चेहऱ्याला मात्र लोक कायम एकच अर्थ लावतात. आपल्या फाळक्यांनी तर 1917 साली ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांच्याकडूनच राम आणि सीता दोन्ही कामं करून घेतली. पतिपत्नींमध्ये संपूर्ण एकमत असल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

चौथ्या दिवशी सकाळी मी व्हिडिओ पाहिला. सुंदर होता. खोटं कशाला बोलू, मी दोनदा चष्मा पुसला. आणि मग भावाची ओवी आली. मी श्वास धरला. आईचा चेहरा, मग पिठाची धार, आणि त्या धारेवर आईच्याच आवाजात स्वच्छ हाक आली. दादा.

माझ्या हातून चहा सांडला.

“हे कुठून आणलंस?”

कन्येने मोठ्या अभिमानाने मला मूळ तुकडा दाखवला. ओवी नव्हतीच ती. दोन शॉटच्या मधल्या वेळात मोबाइल चालू राहिला होता. आई डोळ्यांवर हात धरून दिवेवाल्याला म्हणते आहे, “अरं दादा, तो दिवा जरा बाजूला घे की. डोळ्यात येतोय.” त्यातला ‘दादा’ तेवढा कापून घेतला, थोडा ताणला, सूर किंचित वर नेला, वरून जात्याची घरघर पसरली आणि बसवला ओवीत. सांधा कुठे आहे ते मला कळूनही ऐकू आलं नाही.

“शब्द आजीचाच आहे, आवाज आजीचाच आहे, त्याच दिवशीचा आहे,” कन्या म्हणाली. “यात खोटं काय?”

धर्मराजाचं हेच म्हणणं होतं. अश्वत्थामा मेला हे खरं. माणूस की हत्ती, हेही त्याने सांगितलंच. फक्त नेमक्या त्याच वेळी श्रीकृष्णाने शंख फुंकला. जगातलं पहिलं साउंड एडिटिंग ते. आणि धर्मराजाचा रथ, जो जमिनीच्या चार बोटं वरून चालायचा, तो खाली टेकला. आमच्याकडे रथ नाही, दुचाकी आहे आणि ती पहिल्यापासून जमिनीवरूनच चालते. तरीही मी हादरलो होतो. कारण माझ्या धंद्यात या प्रकाराला नेमकं नाव आहे. रक्कम बरोबर, खातं चूक. पैसे खरे, भरणारा खरा, तारीख खरी. पण जमा झाले भलत्याच्या नावावर. दिवेवाल्याचा ‘दादा’ मामांच्या खात्यावर पडला होता.

दिवसभर बँकेत माझं लक्ष नव्हतं. मी स्वतःशी वाद घालत होतो. कापणं म्हणजे खोटं बोलणं असेल, तर आपल्यापैकी खरं कोण आहे? आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये दीडशे फोटो आहेत, त्यांत मानपानावरून झालेली खडाजंगी नाही. मुलगी पाहायला जातो तेव्हा पोहे दाखवतात, गॅसचं बिल नाही. शोकसभेत तर अशा मंडळींची भाषणं मी ऐकली आहेत, की मला शंका आली आपण चुकीच्या माणसाच्या सभेला आलो. म्हणजे पासष्ट भाग फेकून एक ठेवायची कला या पोरांनी कॉलेजात शिकायच्या आधीपासून सगळं जग करतं आहे. मग आईच्या तोंडी तिचाच एक शब्द घातला तर मला एवढं का खुपावं?

संध्याकाळी घरी येताना सिग्नलला उत्तर सापडलं. मामांनी जमीन घेतली याचं आईला वाईट वाटलं नव्हतं. विचारलं नाही, याचं वाटलं होतं. आणि आता आम्हीही तेच केलं. तिच्या सहीचा नव्हे, तिच्या आवाजाचा कागद तयार केला आणि तिला न विचारता वापरला. काय ठेवलं आणि काय कापलं हा प्रश्नच नव्हे. ज्याचं आहे त्याला विचारलं का, हा प्रश्न. इतका स्वच्छ विचार मला पूर्वी कधी सुचला नव्हता. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

दारात आमची ही उभी. “व्हिडिओ कसला छान झालाय हो! मी सगळ्या ग्रुपवर टाकला.”

सगळ्या ग्रुपवर म्हणजे त्यात माहेरचा, सासरचा, सोसायटीचा आणि आजोळचा. आजोळच्या ग्रुपवर मामा आहेत. ते कधी काही लिहीत नाहीत.

नऊ वाजता माझा फोन वाजला. मामा. आधी बराच वेळ पलीकडून आवाजच येईना, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, “ऐकलं. दादा म्हणाली.” पुन्हा रेंज गेल्यासारखं झालं. मग म्हणाले, “येत्या रविवारी येतो.” आणि फोन ठेवला.

आता सांगा. उलटी नोंद करायची की नाही?

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एका खातेदाराचे 4000 रुपये त्याच आडनावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या खात्यावर जमा झाले होते. बाई पासबुक भरायला आल्या. आकडा पाहून त्यांना वाटलं, बाहेरगावच्या मुलाने पाठवले. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणून त्यांनी सगळ्या काउंटरवर वाटले. मीही एक खाल्ला. चूक दुसऱ्या दिवशी सापडली. मी नियमाप्रमाणे उलटी नोंद केली आणि पुढच्या वेळी बाई आल्या तेव्हा समजावून सांगितलं. त्यांनी पासबुक पाहिलं, “बरं” म्हणाल्या आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेल्या. बँकेच्या दृष्टीने सर्व काही जुळलं. साहेबांनी तपासून बरोबरची खूणही केली. तो पेढा मात्र इतकी वर्षं माझ्या घशात आहे.

म्हणून मामांना मी काही सांगितलं नाही. पण आईला सांगायलाच हवं होतं. निदान सिग्नलला सापडलेल्या तत्त्वज्ञानाची अब्रू राखण्यासाठी. मी कन्येला म्हटलं, “जा, आजीला सगळं सांग आणि माफी माग. आधी विचारायला हवं होतंस.” ती रडवेली होऊन आत गेली. मी दाराआड उभा राहिलो. नैतिक प्रश्नांत दाराआड उभं राहणं फार सोयीचं असतं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझ्या तोंडचं मला कळत न्हाई व्हय? पयल्यांदा ऐकलं तवाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

आई तांदूळ निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “आधी इचारलं असतंस तर मी नको म्हनले असते.” आणखी दोन खडे बाजूला टाकून म्हणाली, “बरं झालं न्हाई इचारलंस.”

माझं तत्त्वज्ञान घरात येऊन पुरते दोन तासही टिकलं नाही.

रविवारी मामा आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एसटीने, वाघ्या घेवड्याची पिशवी घेऊन. तीन जिने चढून आले आणि आधी दारातल्या जात्यावरच बसले. (ते जातं अजून आमच्याकडेच आहे. खाली न्यायला कोणी तयार नाही.) आई बाहेर आली. दोघं एकमेकांच्या गुडघ्यांविषयी बोलले. मग कोणाच्या गाईविषयी. जमीन, कागद, ओवी यांपैकी एक शब्द नाही. ही घेवडा घेऊन आत गेली. मी वर्तमानपत्र उघडलं, ते उलटं आहे हे मला उशिरा कळलं.

“लावा की तुमचा तो शिनेमा,” मामा म्हणाले. “मोठ्या टीव्हीवर बघू.”

कन्येने लावला. ओवी आली, हाक आली, मामांनी उपरण्याने तोंड पुसलं. आई पंख्याकडे पाहत होती. व्हिडिओ संपला आणि आमच्या टीव्हीला एक वाईट खोड आहे, एक संपलं की पेन ड्राइव्हवरचं पुढचं आपोआप सुरू होतं. पुढचं म्हणजे ‘मेकिंग’. कॉलेजने मागितलेलं, न कापलेलं. कन्या रिमोट शोधायला लागली. तो माझ्याच खाली होता, पण मला सुचेना. पडद्यावर दिवेवाला उभा राहिला आणि आईचा आवाज आला, “अरं दादा, तो दिवा जरा बाजूला घे की. डोळ्यात येतोय.”

खोलीत कोणी हललं नाही. मी छताकडे पाहिलं.

“हिला ल्हानपनापासनं उजेड सोसत न्हाई,” मामा म्हणाले. “खळ्यावर कंदील लावला तरी पाठ करून बसायची.” मग त्यांनी वर पाहिलं. आईच्या बरोबर डोक्यावर आमची ट्यूब लखलखत होती. मामा गुडघ्यांवर हात ठेवून उठले, भिंतीपर्यंत गेले, आधी पंखा बंद केला, मग तो लावून बाल्कनीतला दिवा लावला आणि तिसऱ्या प्रयत्नाला ट्यूब बंद केली.

अंधारात टीव्हीचा तेवढा निळा उजेड राहिला. आई म्हणाली, “राहू दे रं,” आणि त्यापुढे आणखी एक शब्द म्हणाली. पण नेमकी त्याच वेळी आत घेवड्याच्या कुकरची शिट्टी झाली, आणि त्या दिवशी घरात रेकॉर्डिंग कोणाचंच चालू नव्हतं.